अमली पदार्थांचा कायदा आणि कष्टकरी माणूस



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, विज्ञान या विषयांतले जाणकार येतात. त्यांच्या पंक्तीला कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्याला बसवून चालकांनी आमचा मान राखला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पगार, बोनस, कंत्राटी पद्धत यांपैकी काही विषय आम्ही घेऊ, असे आपणांस वाटले असेल. आम्ही घेतला आहे अमली पदार्थांचा कायदा. आम्ही वकील नाही, डॉक्टरही नाही. कायद्याची कलमे आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पण ती वाचणे आम्हाला भाग पडले, आणि का भाग पडले ते आधी सांगतो.

संघटनेच्या कचेरीत दोन प्रकारचे लोक या कायद्याने गांजून येतात. एकाचा भाऊ ट्रकवर क्लीनर असतो, किंवा गोदामात हमाल असतो. मालात काहीतरी सापडते, मालक घरी राहतो आणि हा आत जातो. वर्ष उलटते, तरी जामीन होत नाही. दुसऱ्याच्या घरात कॅन्सरचा रोगी असतो. इलाज संपलेले असतात, वेदना संपलेल्या नसतात. मॉर्फिनची गोळी मिळाली तर तो रात्रभर झोपेल, पण तालुक्याच्या गावी ती मिळत नाही. पहिला म्हणतो, कायदा फार कडक आहे. दुसऱ्याला तर आपल्या दुखण्याचा कायद्याशी काही संबंध आहे हेच ठाऊक नसते. वास्तविक दोघांच्याही दारात उभा आहे तो एकच कायदा. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ असे त्याचे भारदस्त नाव. कोर्टकचेरीत त्याला एनडीपीएस म्हणतात.

हा कायदा पदार्थांची वर्गवारी कोणत्या मापाने करतो, आणि त्या वर्गवारीचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, एवढेच दोन प्रश्न आज आपल्यापुढे मांडायचे आहेत.

सर्वसाधारण समजूत अशी, की सरकारने सर्व विषारी पदार्थ ओळीने मांडले असतील आणि जितके विष जास्त तितकी बंदी कडक केली असेल. ही समजूत किती टिकते ते पाहू. आपल्या ओळखीचे झाड घ्या, भांगेचे. या एकाच झाडाचे कायद्याने तुकडे पाडले आहेत. झाडाची राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. पण शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया गांजा ठरत नाहीत. म्हणून पानांची भांग १९८५ च्या कायद्याबाहेर राहिली. तिचे काय करायचे ते राज्यांनी आपापल्या अबकारी कायद्यांनी ठरवावे. उत्तरेत काही ठिकाणी परवान्याची भांगेची दुकाने आहेत. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात तिला परवाना लागतो.

ही रेषा रसायनशास्त्राने आखलेली नाही, ती इतिहासाने आखली. १८९३-९४ साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. त्याने १,१९३ साक्षीदार तपासले आणि निष्कर्ष काढला, की माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही आणि सरसकट बंदी योग्य नव्हे. पुढे १९६१ साली राष्ट्रसंघाच्या आश्रयाने गुंगीकारक द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातही शेंड्यांवेगळी पाने व्याख्येतून वगळली गेली, आणि आपल्याकडची सणावाराची भांग वाचली.

आता दुसरीकडे पाहा. आमच्या कष्टकरी बाया तंबाखू भाजून, तिची मशेरी करून दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांना लावतात. भूक मरते, काम उरकते. त्यातून तोंडाचे कॅन्सर होतात, हे कोणत्याही मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर सांगेल. पण तंबाखूला १९८५ च्या कायद्यात जागा नाही. तिच्यासाठी २००३ चा वेगळा, सौम्य कायदा आहे: जाहिरात करू नका, पुडीवर इशारा छापा, अठरा वर्षांखालील मुलांना विकू नका. उलट मॉर्फिन हे डॉक्टरांच्या हातचे उत्तम औषध, ते मात्र कडक पहाऱ्यात. तेव्हा कायदा विष मोजतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण विषाबरोबर तो इतर अनेक गोष्टी मोजतो. त्यांत परंपरा आहे, महसूल आहे, परराष्ट्रांशी केलेले करार आहेत, आणि मुख्य म्हणजे पदार्थ कोणाच्या हातात आहे आणि त्या हातात कागद आहे की नाही, हे आहे.

कागदाचे महत्त्व पाहायचे असेल तर अफूच्या शेतात जावे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगड, उत्तर प्रदेशात बाराबंकी, या भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने खसखशीचे पीक घेतात. बोंडाला चिरा देऊन चीक काढायचा, तो सारा सरकारने ठरवलेल्या भावाने सरकारला घालायचा. ग्वाल्हेरला नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य कार्यालय आहे, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. गाझीपूरचा कारखाना १८२० पासूनचा. शेतकऱ्याच्या घरात परवान्यासह असलेला चीक हे पीक आहे. तोच चीक परवान्याबाहेर एका डब्यात सापडला तर गुन्हा आहे. पदार्थ एक, झाड एक, माणूसही कदाचित एकच. फरक कागदाचा.

आणि ज्या सरकारने हा कागद निर्माण केला त्याचा पूर्वेतिहास फारसा सोवळा नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि कंपनी सरकार, नंतर राणीचे सरकार, तिच्यावर तिजोरी भरत होते. १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे झाले, त्यांचा रोख उत्पादन आणि विक्री सरकारच्या मुठीत ठेवण्यावर होता. देशातही परवान्याच्या दुकानांतून अफू उघड विकली जाई. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका तान्ह्या मुलाला बाळगोळी देऊन कामावर जात. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर निपचित पडून राही, आई साच्यावर उभी राही. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनपुढेही ही गोष्ट आली होती.

या बाळगोळीपाशी आम्ही थोडे थांबतो, कारण सगळ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. त्या आईला कोणी व्यसनी म्हणेल काय? किंवा गुन्हेगार? मूल ठेवायला जागा नव्हती आणि खाडा करायची सोय नव्हती, म्हणून ती गोळी देत होती. तिला तुरुंगात घालून मूल वाचले नसते. वाचवायला पाळणाघर हवे होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले, ते कामगार चळवळीने त्या मागणीचा पाठपुरावा केल्यामुळे. पदार्थावर नियंत्रण हवे, यात वाद नाही. पण ज्या गरजेने माणूस त्या पदार्थाकडे जातो तिची व्यवस्था लावली नाही, तर नियंत्रण अर्धेच राहते.

आता आजची रचना पाहू. सामान्य औषधांसाठी १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम आहेत. त्यांत औषधांच्या याद्या आहेत, त्यांना शेड्यूल म्हणतात. शेड्यूल एच मधले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. एच-वन ही यादी २०१३ साली जाहीर होऊन २०१४ च्या मार्चपासून अमलात आली. तीतल्या औषधांची विक्री दुकानदाराने वेगळ्या वहीत, रोग्याच्या आणि डॉक्टरच्या नावानिशी लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. शेड्यूल एक्स त्याहून कडक. तेथे चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदाराने दोन वर्षे ठेवायची, आणि माल कुलपात ठेवायचा. या कपाटाच्या वर १९८५ चा कायदा बसतो. त्याचे सूत्र आठव्या कलमात आहे: या पदार्थांचे उत्पादन, बाळगणे, विक्री, वाहतूक, सेवन सर्व मना, फक्त वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणासाठी, नियमांनुसार मोकळीक.

काही औषधे दोन्ही घरांत राहतात. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांतले अल्प्राझोलॅम एच-वन यादीत आहे आणि १९८५ च्या कायद्यातही आहे. काही खालच्या मजल्यावरून वर जातात. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक साध्या चिठ्ठीवर मिळत असे. त्याचा गैरवापर वाढला, तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये ते १९८५ च्या कायद्याखाली आणले गेले. म्हणजे आदल्या दिवशी जी पट्टी खिशात असणे ही किरकोळ गोष्ट होती, ती दुसऱ्या दिवशी मोठ्या कायद्याच्या कक्षेत गेली. अशी अधिसूचना दिल्लीच्या राजपत्रात छापली जाते. आपल्यापैकी किती जण राजपत्र वाचतात?

आता वजनाचा प्रश्न. १९८५ साली कायदा झाला तेव्हा अफू, हेरॉईन, चरस यांच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी ठेवली होती. स्वतःच्या सेवनापुरते अल्प प्रमाण असेल तेवढी सवलत होती. बाकी पुडीवाला आणि पोत्यांचा व्यापारी एकाच शिक्षेला पात्र. हा अन्याय ओळखून संसदेने २००१ साली दुरुस्ती केली आणि वजनाचे तीन टप्पे पाडले. अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि त्यांच्या मधले. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंहून अधिक असेल तर व्यापारी. चरस शंभर ग्रॅम आणि एक किलो. अफू पंचवीस ग्रॅम आणि अडीच किलो. हेरॉईन, ज्याच्या गावठी रूपाला आपल्याकडे गर्द म्हणत, पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. अल्प प्रमाणाला आज एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या टप्प्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे, आणि एक ते दोन लाख रुपये दंड.

हे वजन कशाचे करायचे, हा प्रश्न लगेच निघाला. अंमल देणाऱ्या शुद्ध द्रव्याचे, की त्यात मिसळलेल्या भेसळीसकट सगळ्या भुकटीचे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात शुद्ध द्रव्य धरा असे म्हटले. २०२० साली हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला आणि सगळे मिश्रण धरा असे ठरवले. त्यांचे म्हणणे असे, की बाजारात विकले जाते ते मिश्रणच, आणि माणसे मरतात तीही मिश्रणानेच. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याचा परिणामही पाहिला पाहिजे. समजा, गल्लीतल्या पोऱ्याजवळ २६० ग्रॅम भुकटी सापडली आणि तीत हेरॉईन आहे अवघे तेरा ग्रॅम. पहिल्या हिशेबाने तो मधल्या टप्प्यात होता, दुसऱ्या हिशेबाने तो किमान दहा वर्षांचा धनी झाला. ज्याच्याजवळ दोनशे ग्रॅम शुद्ध माल आहे, ज्यातून अशा कितीतरी पुड्या होतील, तो मात्र मधल्याच टप्प्यात. भेसळ जसजशी खाली उतरते तसतसे वजन वाढते, आणि त्या वजनाबरोबर शिक्षाही खालच्या माणसाकडे सरकते.

त्यातून पुराव्याची गोष्ट. इतर गुन्ह्यांत सरकारने गुन्हा सिद्ध करायचा असतो. येथे पस्तिसाव्या कलमाने आरोपीचे मन दोषी होते असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे, आणि तसे नव्हते हे आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली नूर आगा खटल्यात सांगितले, की माल त्याच्याजवळ होता इत्यादी मूळ गोष्टी आधी सरकारनेच सिद्ध केल्या पाहिजेत. हा मोठा दिलासा होय. पण जामिनाचे सदतिसावे कलम उरतेच. व्यापारी प्रमाण असेल तर आरोपी निर्दोष असावा असे मानायला वाजवी आधार आहे, आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. म्हणजे खटला चालण्यापूर्वीच खटला जिंकावा लागतो.

आता ट्रकच्या ड्रायव्हरचा विचार करा. त्याने पेट्या भरल्या नाहीत. सील त्याने लावले नाही. बिल्टीवर लिहिले आहे तेवढेच त्याला ठाऊक. आत काय आहे ते आपल्याला माहीत नव्हते, हे संशयापलीकडे कसे सिद्ध करायचे? मालक म्हणतो माल पार्टीचा. पार्टीचा पत्ता खोटा निघतो. उरतो कोण? ज्याचा हात स्टिअरिंगवर होता तो. गांजाची पोती कोणी भरली आणि कोणाला पोचायची होती, हा तपास लांबचा आहे. ड्रायव्हर जवळ आहे. कायदा लिहिणाऱ्यांचा हेतू मोठ्या व्यापाऱ्याला पकडण्याचा होता, यात आम्हाला शंका नाही. परंतु जो माल बाळगतो त्यालाच गुन्ह्याचे केंद्र मानले, की माल कधीही हातात न घेणारा माणूस आपोआप सुरक्षित होतो.

कायद्यात कामगाराच्या बाजूचीही कलमे आहेत, ती सांगितली नाहीत तर आमचे भाषण एकांगी होईल. पन्नासावे कलम सांगते, की अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या असे म्हणण्याचा आरोपीला हक्क आहे. हा हक्क त्याला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी १९९९ आणि २०१० साली ठरवले. मात्र हा हक्क अंगझडतीपुरता आहे. पिशवीला किंवा गाडीला तो लागू नाही. दुसरे, या कायद्याखालच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब दोषसिद्धीसाठी वापरता येत नाही, असा निकाल २०२० साली तोफान सिंग खटल्यात झाला. तिसरे, कलम ६४-अ. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पुरा करायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवला जाणार नाही. उपचार अर्धवट टाकला तर हे संरक्षण जाऊ शकते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. गर्दच्या आहारी गेलेल्या माणसाला रोगी समजून वागवता येते, हे त्या संस्थेने महाराष्ट्राला दाखवले. कायद्याच्या पुस्तकात या विचाराला जागा आहे. ती जागा ठाण्यापर्यंत पोचत नाही, एवढेच.

शेवटी मॉर्फिनकडे येतो. या कायद्याचा सर्वांत मुका बळी येथे आहे. १९८५ च्या कायद्याने औषधी वापर कधीच मना केला नव्हता. पण मॉर्फिन घ्यायचे, बाळगायचे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणायचे, तर वेगवेगळे परवाने लागत. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. सगळे परवाने एकाच वेळी चालू असले पाहिजेत, एकाची मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. आणि नोंदीत चूक झाली तर समोर दहा वर्षांची शिक्षा. अशा स्थितीत रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी काय करावे? त्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. कायदा झाल्यापासून एका तपाच्या आत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आला. जो देश जगाला औषधासाठी अफू पुरवतो, त्याच देशातले कॅन्सरचे रोगी त्या अफूच्या औषधावाचून तळमळत होते. त्यांना कोणी तुरुंगात घातले नाही, म्हणून त्यांची मोजदादही झाली नाही.

हे बदलले ते आपोआप नव्हे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी आणि न्यायालयात हा प्रश्न लावून धरला. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा नवा वर्ग निर्माण झाला, मॉर्फिनसह सहा औषधे त्यात घातली गेली, आणि साऱ्या देशाला एकच नियम लागू झाला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. पण कायदा बदलला तरी भीती बदलायला वेळ लागतो. अजूनही लहान गावांतली बहुतेक रुग्णालये या मान्यतेसाठी अर्जच करत नाहीत, आणि मॉर्फिन वापरण्याचे शिक्षण मिळालेले डॉक्टर थोडे आहेत.

या साऱ्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कायद्याची वर्गवारी दगडावरची रेघ नव्हे. २०२० च्या डिसेंबरात राष्ट्रसंघाच्या आयोगात भांगेच्या वर्गाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, आणि भारताने बाजूने मत दिले. वर्ग माणसे ठरवतात, माणसे बदलतात. ज्यांचा आवाज तेथे पोचतो त्यांच्या गरजेप्रमाणे बदलतात. आजवर डॉक्टर बोलले, वकील बोलले, पोलीस बोलले. ड्रायव्हर, हमाल आणि गावातला रोगी बोलला नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि उपजिल्हा रुग्णालयाने मॉर्फिनसाठी मान्यता घ्यावी, आणि ती घेतली की नाही हे नागरिकांनी जाऊन विचारावे. माल भरताना सील कोणी लावले, पेटी कोणी दिली, याची सही-शिक्क्याची नोंद ड्रायव्हरच्या हाती देणे वाहतूकदारांवर बंधनकारक करावे. शिक्षेचा टप्पा ठरवताना वजनाबरोबर त्या माणसाचे धंद्यातले स्थानही न्यायालयाला पाहता यावे. आणि कलम ६४-अ प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लिहून लावावे. यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

अमली पदार्थांनी घरे उद्ध्वस्त होतात, हे आमच्याइतके जवळून थोड्यांनीच पाहिले असेल. म्हणून नियंत्रण सैल करा असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्यासाठी ते केले त्याच्यापर्यंत ते पोचू द्या, आणि ज्याला औषध हवे त्याच्या वाटेतून ते बाजूला होऊ द्या, एवढेच आमचे मागणे आहे.